फॉर्मवर नसलेला प्रश्न

विमा कंपनीत नोकरी केलेल्या माणसाच्या शेजारी लग्नाच्या पंगतीत कोणी आपणहून बसत नाही. जेवता जेवता एखादी पॉलिसी गळ्यात मारेल अशी भीती असते. म्हणून आधीच सांगून टाकते, मी जन्मात एकही पॉलिसी विकलेली नाही. मी सोळा वर्षं फोन उचलले. ॲमस्टरडॅमच्या स्लोटरडाइक स्टेशनामागे काचेच्या इमारती आहेत, त्यातल्या एकीत पाचव्या मजल्यावर आमचं पाच जणांचं टेबल होतं. परदेशातून नेदरलँड्समध्ये नव्याने आलेल्या माणसांना आरोग्य विमा आणि त्याचं कार्ड मिळवून देणं हे आमचं काम. एक्कावन्नाव्या वर्षी, अडखळत्या डचवर मला ही नोकरी मिळाली आणि सदुसष्टाव्या वर्षी मी ती सोडली. मूळ गाव नाशिक. नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे आले आणि घरात बसून कंटाळले, एवढीच माझी पात्रता.

इथली पद्धत आपल्याकडच्या माणसाला पटकन उमगत नाही. विमा देणाऱ्या कंपन्या खासगी, पण नियम सगळे सरकारचे. मूळ विमा इथे राहणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाने घ्यायलाच हवा, आणि जो मागेल त्याला तो कंपनीने द्यायलाच हवा. सुटका दोघांनाही नाही. आल्यावर आधी खेमेंटेत, म्हणजे नगरपालिकेत, नाव नोंदवायचं. तिथून बीएसएन नावाचा क्रमांक मिळतो. तो घेऊन विम्याचा अर्ज करायचा, मग कार्ड पोस्टाने घरी येतं. या सगळ्याला चार महिन्यांची मुदत असते. त्या मुदतीत अर्ज केला की विमा अगदी पहिल्या दिवसापासून लागू धरतात. मुदत उलटली तरी विमा मिळतो, पण तिथून पुढचा. मागचे दिवस उघडे पडतात.

आणि आपल्या लोकांची सगळ्यात मोठी ठेच इथे लागते: जितकी मोठी माणसं, तितके विमे. भारतात ऑफिसच्या एका मेडिक्लेममध्ये बायको, मुलं, आई-वडील, जमलं तर सासू-सासरे असं सगळं कुटुंब मावतं. इथे नवऱ्याच्या विम्यात बायको मावत नाही. एका गृहस्थांनी मला आग्रहाने सांगितलं होतं, "आई माझ्याकडेच असतात हो, माझ्या कार्डावर त्यांचंही नाव टाका." मी विचारलं, तुमच्याकडे म्हणजे कुठे? म्हणाले, "औरंगाबादला." ग्रोनिंगनच्या एका विद्यार्थिनीने कार्डाचा फोटो आवडला नाही म्हणून तक्रार केली होती. कार्डावर फोटो नसतोच. ती दुसऱ्याच कुठल्यातरी कार्डाबद्दल बोलत होती, हे कळायला आम्हा दोघींना दहा मिनिटं लागली.

अशा गमती पुष्कळ आहेत. पण दिवाळी अंकासाठी लिहायला बसले तेव्हा एकच प्रकरण डोळ्यांसमोर आलं. ते सांगितल्याशिवाय बाकीचं सांगणं म्हणजे मी हुशार होते एवढंच सांगणं होईल.

जुलैमधला गुरुवार होता. मराठी किंवा हिंदी बोलणारं कोणी फोनवर आलं की तो माझ्याकडे वळवायचा, अशी आमच्या टेबलावर रीत होती. पलीकडून आवाज आला, "मॅडम, मी राहुल जगताप, आइंडहोवनहून. मला एक हायपोथेटिकल प्रश्न विचारायचाय."

या कामात एक गोष्ट मी शिकले होते. हायपोथेटिकल प्रश्न विचारणाऱ्या माणसाच्या घरात कोणीतरी रडत असतं.

"विचारा ना," मी म्हटलं.

"समजा एखाद्याने विमा काढलेला नाही. आणि समजा त्या माणसाला काहीतरी झालंय. म्हणजे झालंय की नाही माहीत नाही, पण होऊ शकतं. तर मग आता अर्ज करताना..." तो थांबला. "हा कॉल रेकॉर्ड होतो ना?"

"होतो. पण त्यात घाबरण्यासारखं काही नाही. कोणाला काय झालंय?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. राहुल तिथल्या एका चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. फेब्रुवारीत एकटा आला, त्याचा विमा तेव्हाच झाला. बायको स्नेहल मार्चमध्ये आली. तिचाही विमा त्याच्यातच आहे असं दोघं धरून चालले होते. आठवड्यापूर्वी स्नेहलच्या छातीत गाठ लागली. ती हाउसार्ट्सकडे, म्हणजे घराजवळच्या ठरलेल्या डॉक्टरकडे गेली. त्या बाईंनी तपासून लगेच हॉस्पिटलची चिठ्ठी दिली. हॉस्पिटलमधून फोन आला, तेव्हा पलीकडच्या मुलीने सांगितलं, तुमच्या नावावर विमा दिसत नाही, तो बघून घ्या. एवढं ऐकलं आणि स्नेहलने त्या क्षणी अपॉइंटमेंट रद्द करून टाकली. राहुल आता पुण्याची तिकिटं बघत होता. शनिवारची मिळत होती.

"पण पुण्याला तरी लगेच कुठे होणार आहे मॅडम? तिथलं मेडिक्लेम मी इकडे येताना बंद केलं. नवीन काढलं तर आधीपासूनचा आजार पहिली दोन वर्षं धरत नाहीत. म्हणून विचार केला, इथे गाठीचं काही न लिहिता अर्ज केला तर? नंतर कळलं तर ते व्हिसा रद्द करतील का?"

"राहुल," मी म्हटलं, आणि 'तुम्ही' कधी सुटलं ते मलाही कळलं नाही, "तू अर्ज उघडून पाहिलास का?"

"नाही. भीती वाटली."

"त्यात आजाराचा प्रश्नच नाही. मूळ विम्यासाठी तुला कोणीही, कधीही, काय झालंय असं विचारणार नाही. विचारायची परवानगीच नाही आम्हाला."

"म्हणजे सांगितलं नाही तरी चालतं?"

"सांग, नको सांगू. उद्या ऑपरेशन असेल तरी आज विमा द्यावा लागतो."

त्याने मला हेच तीन वेगवेगळ्या प्रकारांनी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा माझं उत्तर संपायच्या आत फोन कोणीतरी त्याच्या हातातून घेतला.

"काकू म्हणू का तुम्हाला? मी स्नेहल. आमचं कालपासून यावरूनच भांडण चाललंय. हा म्हणतो गाठीचं लिहायचं नाही. मी म्हटलं मी खोटं लिहिणार नाही, मग होऊ दे काय व्हायचं ते."

"अगं, लिहायला जागाच नाहीये."

ती हसली. मग हसता हसता तिचा आवाज फुटला. सोळा वर्षांत 'अर्जात आजाराचा प्रश्नच नाही' हे वाक्य मी शेकडो लोकांना सांगितलं असेल, माहितीचं वाक्य म्हणून. या देशाने आपल्यासारख्या उपऱ्यांना काय देऊन ठेवलंय, ते त्या दिवशी मलाच नव्याने कळलं. तेव्हापासून हे वाक्य सांगताना मी खुर्चीत सरळ बसायचे.

"आता फोन ठेव," मी तिला म्हटलं, "आणि आधी हॉस्पिटलला फोन कर. रद्द केलेली वेळ परत माग. विम्याचा अर्ज आजच दिलाय म्हणून सांग. अर्ज त्याच्यानंतर भर."

"आधी अर्ज नको?"

"अर्जाचं मी बघते. वेळेचं तू बघ."

तिची आधीची वेळ दुसऱ्या कोणाला गेली होती, पण मंगळवारची सकाळ मिळाली. दुपारी तीनच्या सुमारास तिचा अर्ज माझ्या पडद्यावर आला, आणि लागलीच अडकलाही.

कारण तिचं नाव. अर्जात 'जन्माच्या वेळचं आडनाव' असा रकाना असतो. स्नेहलने प्रामाणिकपणे 'थोरात' लिहिलं. खेमेंटेने मात्र पासपोर्ट बघून नोंद केली होती: आडनाव जगताप, नाव स्नेहल राहुल. दोन नोंदी जुळेनात. अशी न जुळणारी प्रकरणं नोंदणी विभागाकडे जात आणि तिथे रांगेत दहा-बारा दिवस सहज पडून राहत. स्नेहलचे चार महिने सोमवारी पूर्ण होत होते. अर्ज चुकीचा म्हणून परत आला असता, तर नवा अर्ज मुदतीबाहेर गेला असता.

नोंदणी विभागात विम नावाचे गृहस्थ होते. निवृत्तीला आलेले, उंच, कमी बोलणारे, आणि कागद रांगेबाहेर घेतात अशी त्यांची अजिबात ख्याती नव्हती. मी छापील अर्ज घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिले.

"विम, ही दोन्ही नावं एकाच बाईची आहेत."

त्यांनी चष्मा वर केला. "राहुल हे पुरुषाचं नाव आहे ना?"

"हो, नवऱ्याचं. आमच्याकडे मधलं नाव लग्नाआधी वडिलांचं असतं, लग्नानंतर नवऱ्याचं. आडनावाचंही तसंच."

"मग यातलं तिचं स्वतःचं नाव कुठलं?"

"पहिलं."

"फक्त पहिलं?" विम कागदाकडे बघत राहिले. "आणि तेवढं तरी लग्नात बदलत नाही ना?"

पूर्वी तेही बदलायचे, हे मी त्यांना सांगितलं नाही. एका दिवशी एका डच माणसाला एवढंच पुरे. मी म्हटलं, "विम, या मुलीची मंगळवारी तपासणी आहे. गाठ आहे."

त्यांनी काही विचारलं नाही. "लग्नाचा दाखला मागव. त्यावर दोन्ही आडनावं असतील. आज साडेचारच्या आत आला तर मी थांबतो." दाखला चार वाजून दहा मिनिटांनी आला. विमनी नोंद दुरुस्त केली, शिक्का मारला, आणि पाच मिनिटं उशिरा घरी गेले. त्यांना ओळखणाऱ्यांना ही पाच मिनिटं म्हणजे काय ते कळेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्नेहलची फाइल राहुलच्या फाइलला जोडायला घेतली. राहुलच्या फाइलमध्ये मार्च अखेरची एक नोंद होती. ग्राहकाने फोन केला, विमा सुरू झाल्याची खात्री दिली. खाली फोन घेणाऱ्याची आद्याक्षरं. ती माझी होती.

मला तो फोन आठवत नव्हता. दिवसाला चाळीस फोन घेणाऱ्या बाईला कुठला आठवणार? मी रेकॉर्डिंग काढून कानाला लावलं. राहुलच होता. मराठी ऐकून मला किती आनंद झाला होता, ते माझ्या आवाजात ऐकू येत होतं. तो म्हणत होता, "मॅडम, आमचं सगळं झालं ना? मिसेस पण आल्या गेल्या आठवड्यात." आणि मी म्हणत होते, "अरे वा, छान झालं! काही काळजी करू नका, तुमचा विमा सुरू झालाय." त्यानंतर तीन मिनिटं आम्ही आइंडहोवनला ज्वारीचं पीठ कुठे चांगलं मिळतं यावर बोललो होतो.

'तुमचा' म्हणजे मी त्याला मान देऊन, त्याच्या एकट्याचा म्हणाले होते. त्याने तो दोघांचा धरला. कोणीही धरला असता. त्याने बायको आल्याचं स्वतःहून सांगितलं होतं, आणि तिचा अर्ज केला का, हे चार शब्द विचारायच्या ऐवजी मी पिठाच्या दुकानाचा पत्ता दिला होता.

मी तशीच उठून आमची टीम लीडर मार्लूसकडे गेले. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, तडकाफडकी बोलणारी मुलगी. तिने सगळं ऐकून घेतलं.

"तू काही चुकीचं सांगितलंस का?"

"नाही. विमा त्याचा सुरू झालाच होता."

"मग?"

"मी विचारलं नाही, मार्लूस."

तिने हातातली पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाली, "मग आजपासून सगळ्यांनीच विचारायचं." प्रत्येक फोन ठेवण्याआधी 'घरात आणखी कोण कोण आहे, आणि त्यांचं काय?' हे विचारायचं, असं तिने त्याच आठवड्यात सगळ्यांच्या सूचनांमध्ये घातलं. मला ती रागावली असती तर सोपं गेलं असतं. जाताना मी विचारलं, त्या दोघांना सांगू का? ती म्हणाली, "लपव असं मी कधीच म्हणणार नाही. कधी सांगायचं ते तू ठरव."

मी ठरवलं, तपासणीनंतर. मंगळवारी तपासणी झाली, पुढच्या आठवड्यात निकाल आला. कॅन्सर होता. लहान होता, वेळेत सापडला होता, पण होता. आता कसं सांगणार? मी ठरवलं, ऑपरेशननंतर. मग ठरवलं, केमो संपल्यावर. स्नेहल अधूनमधून मेसेज करायची. कार्ड आल्यावर त्याचा फोटो पाठवला होता. नंतर टक्कल केल्यावर टोपी घातलेला एक पाठवला, खाली लिहिलं होतं, "सायकलवर वारा लागतो काकू." तिच्या प्रत्येक मेसेजला मी उत्तर द्यायचे आणि प्रत्येक उत्तरात ते एक वाक्य गाळायचे. नियमांची पक्की म्हणून ऑफिसात माझं नाव होतं. माझ्या भित्रेपणाची नोंद कुठल्याच फाइलला नव्हती.

एप्रिलमध्ये तिचा फोन आला. उपचार संपले होते, तपासण्या चांगल्या आल्या होत्या. "काकू, शनिवारी जेवायला यायचंच. तुम्हाला अजून पाहिलेलंसुद्धा नाही मी."

मी गेले. आइंडहोवनला तिसऱ्या मजल्यावरचं घर, गॅलरीत दोन सायकली. स्नेहल फोनवरच्या आवाजापेक्षा लहानखुरी निघाली. केस बोटभर उगवले होते आणि तिला ते शोभत होते. राहुल दारातच वाकला. त्यांनी वरण-भात, भरली वांगी, शिरा असं सगळं केलं होतं. बोलता बोलता विषय त्या जुलैच्या दिवसांवर आला, आणि स्नेहल मला वाढता वाढता हसून म्हणाली, "याच्या वेंधळेपणापायी मी वर गेले असते काकू. बायकोचा विमा काढायचा असतो, एवढंसुद्धा याला विचारून घेता आलं नाही. आमच्या आईने तर तेव्हापासून याच्याशी बोलणं सोडलंय."

राहुल ताटाकडे बघून हसला. हे त्याने अनेकदा ऐकलेलं होतं, ते दिसत होतं.

मी हातातला घास ताटात ठेवला. "त्याने विचारलं होतं," मी म्हटलं. "मार्चमध्ये त्याने फोन केला होता. तू आलीस हेही सांगितलं होतं. फोन मी घेतला होता स्नेहल. तुझं काही विचारलं नाही मी. तुमचा विमा झालाय म्हणून सांगितलं, आणि पिठाच्या गप्पा मारल्या. हे मला जुलैत तुमचा फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून माहीत आहे. आठ-नऊ महिने मी सांगितलं नाही."

स्नेहलने हातातला डाव भांड्यात ठेवला. माझ्याकडे न बघता तिने राहुलकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?"

"हो," राहुल म्हणाला. "जुलैत फोन लागला तेव्हाच आवाज ओळखला."

"आणि तू मला सांगितलं नाहीस? मी एवढं बोलत होते तरी?"

"सांगून काय झालं असतं? मग तू त्यांच्याशी बोललीच नसतीस. आणि तेव्हा तुझं ऐकेल असं दुसरं कोणी आपल्याला इथे माहीत नव्हतं."

तो पुढे मला म्हणाला, "मॅडम, माझंही चुकलंच. इंग्लिशमध्ये बोललो असतो तर मी नीट मुद्देसूद विचारलं असतं. घरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं, म्हणून अर्धवट विचारलं."

मी माफी मागितली, स्नेहलची आणि त्याचीही. स्नेहल उठून आत गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला, बराच वेळ आला. राहुल आणि मी शिऱ्याकडे बघत बसलो. मी पर्स उचलावी की नाही या विचारात होते. एवढ्यात ती तोंड पुसत बाहेर आली आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली.

"मला राग आलाय काकू," ती म्हणाली. "तो आज जाणार नाही. पण त्या गुरुवारी आधी हॉस्पिटलला फोन कर म्हणून तुम्हीच ओरडला होतात. तेही मी विसरणार नाही."

मी मान हलवली.

मग ती राहुलकडे वळली. "फोन घे."

"कशाला?"

"आईला लावायचाय. पुण्यात आता साडेपाच वाजले असतील, चहा पीत असेल. तिला आधी तुझ्याशी बोलायला लावते, मग आपण शिरा खाऊ."

फोन लागला. पलीकडून आईचा आवाज आला, "हां, बोल स्नेहल." "आई, राहुलने विचारलं होतं गं," स्नेहल म्हणाली आणि तिने फोन त्याच्या हातात दिला.